लोन सँक्शन झालं की पेढे, मग कंपनी सँक्शन झाली की पेमेंट बंद का?

या वेळचं पत्र कोल्हापूरकडून आलंय. जरा कापून देते, बाकी शब्द तिचेच.

"ताई, मी शिरोली एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत अकाउंट्स आणि एक्स्पोर्टचे कागद बघते. आम्ही कास्टिंग करून बाहेर पाठवतो. मागच्या महिन्यात जर्मनीच्या एका नवीन पार्टीनं माहितीचा फॉर्म पाठवला, त्यात एक प्रश्न होता, 'इज युवर कंपनी ऑर एनी ऑफ इट्स डायरेक्टर्स सँक्शन्ड?' आता आमचं रजिस्ट्रेशन, जीएसटी, आयईसी (इम्पोर्ट-एक्स्पोर्टचा कोड नंबर) सगळं क्लिअर आहे, आणि त्याच आठवड्यात बँकेतून सीसी लिमिट, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जाची मर्यादा पण सँक्शन होऊन आलेली. मी खुशीत 'येस'वर टिक मारली आणि खाली रिमार्कमध्ये लिहिलं, 'येस, फुल्ली सँक्शन्ड'. दुसऱ्या दिवसापासून तिकडून मेलच बंद. अॅडव्हान्स येणार होता तो अडकला. चार दिवसांनी त्यांच्या कुठल्याशा डिपार्टमेंटचं पत्र आलं, कोणी सँक्शन केलंय, कधीपासून, सगळं कळवा म्हणून. सर चिडले, म्हणाले डिक्शनरी बघता येत नाही का. मी बघितली होती हो, पहिलाच अर्थ 'मंजुरी' दिलाय! सरांचे मेहुणे पंचायत समितीत आहेत, ते म्हणतात थांबा मी बघतो. आता जर्मनीत ते काय बघणार? ताई, या शब्दाचा खरा अर्थ काय, आणि आता मी काय करू? मला अहोजाहो करू नका, तुमच्या भाचीएवढी आहे मी. – टिक मारून बसलेली"

अगं, आधी कबूल करते, 'फुल्ली सँक्शन्ड' वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले, घरातल्यांनी येऊन विचारलं काय झालं. पण हसणं तुझ्यावर नव्हतं, कारण याच शब्दावर मी पण आपटलेय, आणि मी तर पुढे बँकेत लोन सेक्शनला वर्षानुवर्षं बसले, सकाळी आल्यापासून संध्याकाळपर्यंत कानावर हाच एक शब्द, सँक्शन आली का, सँक्शन कधी येणार, साहेबांच्या टेबलावर सँक्शनला फाइल पडलीय.

माझी गोष्ट आहे १९९८ ची. मे महिन्यात ११ आणि १३ तारखेला पोखरणला अणुचाचण्या झाल्या, गावभर पेढे वाटले गेले, आणि पुढच्या काही दिवसांत इंग्रजी पेपरात सगळीकडे अमेरिका, इंडिया आणि सँक्शन्स हे तीन शब्द एकत्र दिसायला लागले. आमचे वडील सरकारी ऑफिसात क्लार्क, त्यांचा आख्खा जन्म 'सँक्शन' या शब्दाची वाट बघण्यात गेलेला, टीए बिल सँक्शन, रजा सँक्शन, छपराची दुरुस्ती सँक्शन. त्यांनी चहा पिता पिता मथळा वाचला आणि आईला सांगितलं, बघ, बॉम्ब फोडला तर अमेरिकेनं लगेच सँक्शन दिली, आता पैसा येणार. मी तेव्हा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होते, म्हणजे घरातली इंग्रजीतली हुशार मीच, आणि मी पण मान हलवली! दोन दिवसांनी मराठी पेपरात 'आर्थिक निर्बंध' असं वाचलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. वडील मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की मग त्यांनी शब्द चुकीचा वापरलाय.

तर तुझ्या सरांना सांग, डिक्शनरीत मंजुरी आहे ते बरोबर, आणि जर्मनीवाल्यांना जे कळलं तेही बरोबर. या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. एक म्हणजे परवानगी, मंजुरी, वरून मिळालेला होकार. दुसरा म्हणजे निर्बंध, दंड, नाकाबंदी, 'याच्याशी कोणी व्यवहार करू नका' असा हुकूम. त्या फॉर्ममध्ये तुला विचारलं होतं की तुमच्या कंपनीवर किंवा डायरेक्टरांवर कुठल्या देशानं असा हुकूम काढलाय का. आणि तू म्हणालीस, हो, पुरता काढलाय.

आता तुला वाटेल इंग्रज लोक वेडे आहेत, एकाच शब्दात हो पण आणि नाही पण. पण थांब, जरा आपल्या घरात बघ. 'शासन' हा शब्द घे. महाराष्ट्र शासन म्हणजे सरकार, शासनमान्य ग्रंथालय म्हणजे सरकारनं मान्यता दिलेलं ग्रंथालय, आणि 'आरोपीला कडक शासन झालं पाहिजे' म्हणजे? त्याला मंत्रालयात खुर्ची द्या असं नाही ना कोणी समजत. तिथे शासन म्हणजे दंड. तुझ्या 'सँक्शन'ला मराठीत इतका जवळचा भाऊ दुसरा नाही, कारण दोन्हीकडे गोष्ट तीच आहे, ज्याच्या हातात मान्यतेचा शिक्का असतो त्याच्याच हातात छडी असते. प्रसादाचं पण बघ, देवळात मिळाला तर दोन्ही हात पुढे आणि मास्तरांकडून मिळाला तर दोन्ही हात मागे. हिंदीवाला 'शिक्षा लेने जा रहा हूँ' म्हणाला तर तो शाळेत निघालाय, आपण म्हणालो शिक्षा भोगायला चाललोय तर कळंब्याच्या जेलात, तू कोल्हापूरची आहेस, कळंबा म्हटल्यावर तुला जास्त सांगायला नको.

शब्द आला कुठून ते पण सांगते, मला स्वतःला हे कळल्यावरच तो डोक्यात बसला. लॅटिनमध्ये 'सांक्टुस' म्हणजे पवित्र. संताला सेंट म्हणतात तो त्याच घरातला, आणि अभयारण्याला सँक्चुअरी म्हणतात तो पण. कायदा पवित्र करायचा, म्हणजे तो पक्का करायचा, त्याच्यावर मोहोर उठवायची, याला सँक्शन. आणि रोमन लोकांच्या कायद्यात एक कलम असायचं की हा कायदा मोडला तर काय होईल, त्या दंडाच्या कलमालाही तेच नाव. म्हणजे एकाच कागदावर वर मोहोर, खाली दंड. पुढे वापरात दोन्ही वेगवेगळे झाले. देशांनी देशावर आर्थिक कोंडी टाकायची या अर्थानं शब्द गाजला तो पहिल्या महायुद्धानंतर, १९३५ मध्ये इटलीनं अॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर हल्ला केला तेव्हा लीग ऑफ नेशन्सनं, म्हणजे त्या वेळच्या देशांच्या संघटनेनं, इटलीवर सँक्शन्स लावली होती. आणि 'अमक्याला सँक्शन केलं' म्हणजे त्याच्यावर निर्बंध लावले, असं क्रियापद म्हणून वापरणं त्याहून अलीकडचं, विसाव्या शतकातलंच. म्हणून जुन्या डिक्शनऱ्यांमध्ये मंजुरी पहिली सापडते. तुझ्याकडे बहुतेक घरातली जुनी जाडी पिवळ्या पानांची असणार.

बरं, आता ओळखायचं कसं. मी क्लासमध्ये पोरांना एकच सांगते, सँक्शन कोणाला केलंय ते बघा. लोन, रजा, बिल, पोस्ट, बांधकामाचा नकाशा, असं कागदावरचं काम सँक्शन होत असेल तर मंजुरी. माणूस, कंपनी, बँक, देश, जहाज, असं कोणीतरी सँक्शन होत असेल तर समजायचं त्याची वाट लागलीय. 'द बँक सँक्शन्ड द लोन' यात बँकेनं लोन मंजूर केलं. 'द बँक वॉज सँक्शन्ड' यात बँकच गोत्यात आली. तुझी चूक नेमकी इथे झाली बघ, सँक्शन झाली होती ती सीसी लिमिट, आणि फॉर्म विचारत होता कंपनीबद्दल.

हा नियम नव्वद टक्के चालतो, पण आंधळेपणानं नको वापरू. रशियाच्या किंवा इराणच्या बातम्यांत 'सँक्शन्ड ऑइल' येतं, तेल काही माणूस नाही, तरी तिथे अर्थ निर्बंधाखालचं तेल असाच आहे. आणि उलट बाजूनं, 'स्टेट सँक्शन्ड' असं पुढे जोडून आलं की सरकारच्या होकारानं चाललेलं, मग ते काहीही असो. 'ऑफिशियली सँक्शन्ड' पण तसंच, अधिकृत परवानगी असलेलं. तेव्हा विषय काय चाललाय याच्याकडे एक डोळा ठेवायचाच.

दुसरी खूण म्हणजे शेवटचा स. नाम म्हणून अनेकवचनात आलं, 'सँक्शन्स', आणि पुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' असेल, तर शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा निर्बंध. 'सँक्शन्स ऑन रशिया'. त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदं पण ठरलेली, इम्पोज केली, लिफ्ट केली, ईझ केली. आणि एकवचनात असेल, 'सँक्शन फॉर', 'विथ द सँक्शन ऑफ', तर बहुतेक वेळा मंजुरी. फक्त 'द बँक सँक्शन्स लोन्स' असं आलं तर त्या स ला घाबरू नको, तो बिचारा व्याकरणाचा स आहे, 'ही गोज' मधल्यासारखा. पोखरणच्या वेळी आम्ही मथळ्यातला हा स बघितलाच नव्हता. (तसा आपल्याला निर्बंधांचा अनुभव त्याच्या आधीपासूनचा आहे, रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान घ्यायचं ठरलं म्हणून अमेरिकेनं १९९२ मध्ये इस्रोवर दोन वर्षांसाठी सँक्शन्स लावली होती. पोखरणनंतरची बरीचशी पुढे सप्टेंबर २००१ मध्ये उठवली.)

तिसरी गोष्ट खूण नाही, सवय आहे, आणि तुझ्या कामात तीच जास्त उपयोगी पडेल. मंजुरी या अर्थानं 'सँक्शन' हा शब्द आपल्याकडे जितका जिवंत आहे तितका बाहेर नाही. आपल्याकडे तो सरकारी ऑफिसं आणि बँकांनी लोणच्यासारखा मुरवून ठेवलाय. लाइटबिल काढून बघ, त्यावर 'मंजूर भार' असतो, इंग्रजीत 'सँक्शन्ड लोड'. किती पदं मंजूर आहेत ते सांगायला 'सँक्शन्ड स्ट्रेंग्थ', २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाची ही मंजूर संख्या सरन्यायाधीश धरून ३४ केली तेव्हा पेपरात हाच शब्द होता. आणि 'सँक्शन लेटर' हा तर आपला लाडका कागद. जर्मन किंवा अमेरिकन माणूस या सगळ्या ठिकाणी सरळ 'अप्रूव्ह' म्हणेल. त्याला रोजच्या कामात 'सँक्शन' ऐकलं की आधी निर्बंधच आठवतात, कारण त्याच्या ऑफिसात त्यासाठी वेगळं डिपार्टमेंट असतं, तेच ज्यांचं पत्र तुला आलं. तेव्हा बाहेर मेल लिहिताना हा शब्द मंजुरीसाठी वापरायचाच नाही, 'अप्रूव्ह्ड' लिही, विषय संपला. आपल्या बँकेशी बोलताना खुशाल सँक्शन म्हण, तिथे अप्रूव्ह म्हटलंस तर उलट मॅनेजर विचारेल, म्हणजे सँक्शन ना?

सँक्शनवरून आठवलं, हे विषयाला सोडून आहे पण राहवत नाही. लोन सँक्शन होणं आणि लोन मिळणं यात पण फरक आहे हो! आमच्याकडे लोक सँक्शन लेटर हातात पडलं की पेढे घेऊन यायचे, आम्ही पण खायचो, आणि मग गहाणखत, टायटलचा रिपोर्ट, मार्जिनचे पैसे यातलं काहीतरी अडायचं आणि डिस्बर्समेंटला दोन दोन महिने. एक गृहस्थ तर काउंटरवर येऊन म्हणाले होते, मॅडम, माझे पेढे परत द्या. सँक्शन म्हणजे 'देऊ', डिस्बर्स म्हणजे 'दिले'.

आता एक गंमत, ज्यात दोन्ही अर्थ एकमेकांच्या मांडीवर बसलेत. बातमी येते, अमक्या अधिकाऱ्यावर खटला चालवायला सरकारनं 'सँक्शन' दिली. सरकारी नोकरानं ड्युटी म्हणून केलेल्या कामाबद्दल त्याच्यावर खटला भरायचा तर आधी सरकारची परवानगी लागते, जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १९७ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी नवीन बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर २१८ झालं, आणि लाचलुचपतीच्या १९८८ च्या कायद्यात कलम १९ आहे. इथे सँक्शन म्हणजे शंभर टक्के मंजुरी, फक्त मंजुरी त्या साहेबाला कोर्टात उभं करायची. तो साहेब त्याला काय समजत असेल देव जाणे. 'सँक्शन टू प्रॉसिक्यूट' असं दिसलं की डोकं न खाजवता मंजुरी लिहायची, परीक्षेत हे हमखास विचारतात.

समाजशास्त्रवाले तर आणखी पुढे, ते 'सोशल सँक्शन' मध्ये शाबासकी पण धरतात आणि वाळीत टाकणं पण धरतात. वाळीत टाकण्याविरुद्ध आपल्याकडे २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, पण ते राहू दे, तुझ्या फॉर्मशी त्याचा संबंध नाही.

उलटीकडून येताना मात्र एका जागी पाय घसरतो, तो सांगते. निर्बंध म्हणजे सँक्शन्स हे एकदा पाठ झालं की पोरं प्रत्येक निर्बंधाला सँक्शन्स लिहायला लागतात. मला एकानं लिहून दिलं होतं, 'ड्यूरिंग कोरोना देअर वेअर मेनी सँक्शन्स'. नाही रे बाबा, कोरोनात होते ते 'रिस्ट्रिक्शन्स'. दुकानं किती वाजता बंद करायची, लग्नाला किती माणसं, जड गाड्यांना दिवसा शहरात बंदी, हे सगळं रिस्ट्रिक्शन. सँक्शन्स म्हणजे काहीतरी केलंस म्हणून, किंवा काहीतरी करायला भाग पाडायचं म्हणून, मुद्दाम एखाद्याचं नाव घेऊन लावलेली शिक्षा. मराठीत दोन्हीला निर्बंध म्हणून आपण मोकळे होतो, इंग्रजीत नाही होता येत.

आता तुझ्या टिककडे येते. तिकडच्या लोकांचा राग मानू नकोस, ते पण अडकलेले असतात. संयुक्त राष्ट्रांची यादी, युरोपियन युनियनची यादी, अमेरिकेची यादी, अशा याद्यांमध्ये हजारो नावं असतात आणि त्यातल्या कोणाशी व्यवहार केला तर पैसे पाठवणाराच गुन्ह्यात सापडतो. म्हणून हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात, आणि सगळे 'नो' लिहितात. तू बहुधा त्यांना भेटलेली पहिली मुलगी असशील जिनं येस लिहून वर 'फुल्ली' जोडलं. ते डिपार्टमेंट तुझा फॉर्म फ्रेम करून लावेल.

तेव्हा नुसता नवीन फॉर्म भरून पाठवू नकोस, कारण आधी येस आणि मग गुपचूप नो हे त्यांना जास्त संशयाचं वाटेल. चूक सरळ सांग. आधी ज्याच्याशी ऑर्डरचं बोलणं झालं त्याला फोन कर, मग त्यालाच आणि त्या डिपार्टमेंटला एक मेल. मेल छोटी ठेव, आपल्याकडची 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट' वाली नको. साधारण अशी:

'आय आन्सर्ड येस टू द सँक्शन्स क्वेश्चन बाय मिस्टेक. इन इंडियन बँकिंग, सँक्शन्ड मीन्स अप्रूव्ह्ड, अँड आय वॉज रेफरिंग टू आवर बँक क्रेडिट लिमिट. नायदर आवर कंपनी नॉर एनी ऑफ इट्स डायरेक्टर्स इज सब्जेक्ट टू एनी सँक्शन्स. अ करेक्टेड फॉर्म, साइन्ड बाय आवर डायरेक्टर, इज अटॅच्ड.'

'सब्जेक्ट टू सँक्शन्स' हा तुकडा पाठ कर, म्हणजे 'निर्बंधांच्या कक्षेत असलेला', पुढचे सगळे फॉर्म याच भाषेत येतील. सही सरांची घे, तुझी नको, त्यांना पण कळू दे आपण कशावर सही करतो ते. बँकेचं सँक्शन लेटर मात्र जोडू नकोस हां, मला माहितीये तुला तो मोह होणार, त्याच्या डोक्यावरच मोठ्या अक्षरात सँक्शन छापलेलं असतं, ते बघून त्यांना परत घाम फुटेल.

आणि सरांपुढे उगाच मान खाली घालून बसू नकोस. विचार त्यांना, तुम्ही काय टिक केलं असतं? सात सेकंद तरी शांतता असेल.

एक राहिलंच. अशा फॉर्मच्या पुढच्या पानावर बऱ्याचदा 'पॉलिटिकली एक्स्पोज्ड पर्सन' असा प्रश्न असतो. एक्स्पोज्ड बघून कोणाचं भांडं फुटलंय असं समजू नकोस, त्याचा अर्थ मोठ्या सार्वजनिक पदावरचा माणूस किंवा त्याच्या जवळचा नातेवाईक. पंचायत समिती त्यांच्या हिशोबात एवढी मोठी धरतात का ते फॉर्मवरच्या व्याख्येत बघ, त्यांनाच मेल करून विचार, पण मेहुण्यांना विचारू नकोस, ते हौसेनं येस म्हणतील.